मैत्रीतली अमानत

हायस्कूलच्या वयातली मैत्री कशावर उभी राहते? डबा वाटून खाल्ल्याने ओळख होते, एका बाकावर वर्षभर बसल्याने सवय होते. पण मधल्या सुट्टीत कुणीतरी आपल्याला पाण्याच्या टाकीमागे बोलावते, इकडेतिकडे बघते आणि म्हणते, "एक सांगायचंय, पण कुणाला सांगणार नाहीस ना?" मैत्री तिथे सुरू होते. पुढे जे सांगितले जाते ते बहुतेक वेळा अगदीच फुसके निघते. चाचणीत गणितात सहा गुण पडले आणि प्रगतिपुस्तकावर वडिलांची सही स्वतःच ठोकली. एसटीच्या पासाचे पैसे भजीत गेले. कुणाला तरी शेजारच्या तुकडीतले कुणीतरी आवडते. पण सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावर असा भाव असतो की जणू घरातली तिजोरीच आपल्या हाती दिली आहे.

आम्ही म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या एका गावात, मराठी माध्यमाच्या शाळेतून १९९१ साली दहावीची परीक्षा दिलेले सातजण. चार मुली, तीन मुलगे; काही मोहल्ल्यातले, काही वरच्या वाडीतले. दोन-तीन वर्षांतून एकदा भेट होते. गुडघे, कर्जे आणि मुलांच्या ॲडमिशन हे विषय संपले की गाडी शाळेवर येते आणि एका प्रश्नापाशी अडते. मित्राने विश्वासाने सांगितलेली गोष्ट कधी राखावी आणि कधी सांगावी? हा लेख त्या वादातून निघाला आहे. लिहिणारा हात एकाचा असला तरी भांडण सगळ्यांचे आहे.

शपथ घेण्याची आमची रीत मोठी मजेशीर होती. गळ्याची कातडी दोन बोटांच्या चिमटीत धरून 'गळ्याशप्पथ' म्हणायचे. 'विद्याशप्पथ' पुस्तकाला हात लावून. मोहल्ल्यातली मुले सर्रास विद्याशप्पथ घेत आणि वाडीतली मुले 'अल्ला कसम' म्हणत, कारण दुसऱ्याच्या देवाची शपथ अधिक कडक असते असा सार्वत्रिक समज होता. शपथ मोडली तर घेणाऱ्याची आई मरते, म्हणून काम झाल्यावर 'शप्पथ सुटली म्हण' असा तगादा लागे.

यातली एक बाब आम्हाला फार उशिरा जाणवली. शपथ आधी घ्यायची आणि गोष्ट नंतर ऐकायची, असा तो क्रम होता. मोठ्यांच्या व्यवहारात कोऱ्या कागदावर सही करणाऱ्याला आपण भोळा म्हणतो. शाळेत मात्र कोऱ्या कागदावर सही करणारा तोच खरा मित्र. "आधी सांग, मग ठरवतो," असे म्हणणाऱ्याला कुणी काही सांगतच नसे. मग अशा आंधळ्या वचनाने माणूस कितपत बांधला जातो? आमच्यातल्या एकाचे, जो आता वकिली करतो, मत असे की मजकूर माहीत नसताना दिलेला शब्द शब्दच नव्हे. आम्हा बाकीच्यांना हे पटत नाही. ती सही मजकुरावर नसतेच, ती माणसावर असते. तू जे काही सांगशील त्यासकट तू माझा, असा तिचा अर्थ असतो. अडचण एवढीच की माणसाशी एकनिष्ठ राहणे आणि त्याच्या मजकुराशी एकनिष्ठ राहणे या दोन गोष्टी नेहमी एकाच वाटेने जात नाहीत.

काही गुपिते अशी असतात की तिथे प्रश्नच पडू नये. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेतवर कब्जा केला. तिथल्या दीड लाखाहून अधिक भारतीयांना विमानांनी मायदेशी आणावे लागले, आणि आमच्या किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांतले कर्ते पुरुष त्यात होते. आमच्या वर्गातल्या एका मुलाचे अब्बा असेच एका बॅगेनिशी परतले. गावात कुणाला पत्ता नव्हता की बॅगेत काय होते आणि बँकेत काय राहिले. घर बाहेरून तसेच दिसत होते, गेल्या साली लावलेल्या रंगीत लाद्याही तशाच चमकत होत्या. डिसेंबरात सहलीची वर्गणी निघाली, तेव्हा तो सगळ्यांसमोर म्हणाला की आपल्याला सहलीचा कंटाळा येतो. खरे कारण त्याने दोघांना सांगितले होते. त्या दोघांनाही मग अचानक सहलीचा कंटाळा आला. वर्गात त्यावरून पुष्कळ थट्टा झाली, ती त्यांनी सोसली.

इमाम गझाली (१०५८–११११) यांनी 'इह्या उलूमिद्दीन' या ग्रंथात मैत्रीच्या हक्कांवर एक सबंध प्रकरण लिहिले आहे. त्यात जिभेचा हक्क त्यांनी दोन बाजूंनी मांडला आहे, एक बोलण्याचा आणि दुसरा गप्प राहण्याचा. मित्राचे गुपित त्याच्याशी मैत्री तुटल्यानंतरही उघड करू नये इथपर्यंत ते जातात. हे शेवटचे कलम शाळेतल्या मुलांना वाचून दाखवावे असे आहे. कारण शाळेत गुपिते फुटतात ती बहुतेक कट्टी झाल्यावर. कालपर्यंत जे अमानत म्हणून ठेवलेले असते, ते आज हत्यार होते. मुलाचे वय काय होते, तो किती चिडला होता, याने अमानतीचा मालक बदलत नाही. ॲरिस्टॉटल आपल्या नीतिशास्त्रात म्हणतो की तरुणांची मैत्री सुखावर आधारलेली असते, म्हणून ती चटकन जुळते आणि चटकन तुटते. जुळण्या-तुटण्याबद्दल त्याचे म्हणणे बरोबर असेल. पण सहलीला न गेलेल्या त्या दोघांना कोणते सुख मिळत होते, हे त्याला विचारायला हवे होते.

पुढची पायरी जरा निसरडी आहे. गुपित राखायचे तर नुसते गप्प राहून भागत नाही, कधी कधी खोटेही बोलावे लागते. आमच्यातली एक मुलगी रविवारी दुपारी 'अभ्यासाला जाते' म्हणून निघाली आणि भाड्याने आणलेल्या व्हीसीआरवर सिनेमा बघायला गेली. संध्याकाळी तिची अम्मी आमच्या दारात उभी. हाताला अजून तांदळाचे पीठ. "ती तुमच्याकडेच होती ना?" आमच्यातल्या जिला हा प्रश्न विचारला गेला, ती म्हणाली, "खाला, बसा ना, पाणी देते." पाणी आणायला तिने जेवढा वेळ लावला तेवढ्यात विहीर खणून झाली असती.

जर्मन तत्त्वचिंतक कांट याने १७९७ साली एका छोट्या निबंधात असाच पेच हाताळला. मित्र तुमच्या घरात लपला आहे, त्याला मारायला आलेला माणूस दारात विचारतो आहे, तर खोटे बोलावे का? कांटचे उत्तर होते, तरीही नाही. दोनशेहून अधिक वर्षे लोक त्यावरून त्याच्याशी भांडत आहेत. आमच्या दारातली खाला काही मारेकरी नव्हती, काळजीने आलेली आई होती. म्हणजे आमचा पेच कांटच्या पेचाहून हलका. पण एका बाबतीत तो अवघड होता, आणि ती बाब मोठ्यांच्या नीतिशास्त्रात सहसा येत नाही. मोठ्या माणसाला गप्प राहता येते. "मला त्यावर बोलायचे नाही," एवढे म्हणून तो सुटतो आणि लोक त्याला मानी म्हणतात. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला ही सोय नाही. ते गप्प राहिले की "तोंड उघड" असा हुकूम येतो, आणि तरीही गप्प राहिले तर ते गप्प राहणे हाच पुरावा ठरतो. खोटे बोलणे आणि मित्राला विकणे या दोनच वाटा मोठ्यांनी उघड्या ठेवल्या, तर मुलाने खोट्याची निवड केल्याबद्दल त्याला नीतीचे धडे द्यावेत का? आम्हाला वाटते, देऊ नयेत.

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

दहावीच्या वर्षी आमच्या वर्गातल्या दोन मुलींची लग्ने ठरली. एक वाडीतली, एक मोहल्ल्यातली. वाडीतलीचे सगळ्यांना ठाऊक होते, तिने स्वतःच साखरपुड्याची बर्फी वाटली. मोहल्ल्यातली आमच्या गटातली, आठवी. तिने प्रिलिमच्या आधी एका संध्याकाळी धक्क्यावर सांगितले. मुलगा दुबईला, मे महिन्यात निकाह, आणि घरात असेही बोलणे चालू होते की आता परीक्षेला बसून तरी काय करायचे. तिला पंधरा पुरी होऊन काही महिने झाले होते. १९७८ च्या दुरुस्तीपासून कायद्याने मुलीच्या लग्नाचे वय अठरा होते, पण ते आमच्या नागरिकशास्त्राच्या पुस्तकात होते, गावात नव्हते. सांगण्याआधी तिने आम्हा सगळ्यांकडून शपथ घेतली होती. गळ्याची, विद्येची आणि अल्लाची, तिन्ही.

यापूर्वीची एक घटना सांगितल्याशिवाय पुढचे समजणार नाही. नववीत असताना एका मुलीच्या कंपासपेटीत चिठ्ठी सापडली होती. ज्याला सापडली त्याने ती वर्गशिक्षकांकडे दिली. त्यांनी वडिलांना बोलावले. त्यांना वाटले, आपण कर्तव्य केले. आठ दिवसांत मुलीची शाळा सुटली. चिठ्ठी लिहिणाऱ्या मुलाला दोन छड्या बसल्या आणि तो पुढे रीतसर पदवीधर झाला. चिठ्ठीत काय होते ते आम्हाला माहीत आहे. इतिहासाची वही मागितली होती आणि खाली एक फूल काढले होते.

तेव्हा धक्क्यावर तीन दिवस आमची जी चर्चा झाली, तिला या फुलाची पार्श्वभूमी होती. एकाचे म्हणणे, शपथ म्हणजे शपथ. दुसरीचे म्हणणे, तिला गोष्ट बाहेर जायलाच नको असती तर तिने सातजणांना कशाला सांगितली असती? सांगणे म्हणजे अर्धी हाक असते. त्यावर तिसरीचे उत्तर अजून आमच्या कानात आहे. ती म्हणाली, "तिला फक्त रडायचं असेल. रडणाऱ्याला दर वेळी मदत नको असते." चौथ्याने विचारले, सांगायचे तर कुणाला? आणि तिथे सगळे गप्प झाले. एकेकाचे नाव निघे आणि बाजूला पडे. हेडमास्तर, तर ते वडिलांना बोलावणार. आपापल्या आया, तर दुसऱ्या दिवशी नळावर गाव जमणार. गावातले मानकरी, तर त्यांच्याच ओळखीतून स्थळ आलेले.

सरतेशेवटी एक नाव राहिले, विज्ञान शिकवणाऱ्या बाईंचे. का राहिले? आठवीत एकाने वहीच्या मागच्या पानावर त्यांचे नाक जरा जास्तच लांब करून चित्र काढले होते आणि ती वही तपासणीला गेली. वही परत आली, तपासलेली, सही केलेली. चित्र जागच्या जागी. त्यावर त्या एक शब्द बोलल्या नाहीत, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. दोन वर्षांनी एका मुलीच्या आयुष्याचा प्रश्न आला, तेव्हा आम्ही त्या नाकाच्या जोरावर त्यांच्याकडे गेलो.

आम्हाला या लेखात जे म्हणायचे आहे ते इथे आहे. मुले मोठ्यांना काही सांगत नाहीत, ही तक्रार पालकसभेत दर वर्षी होते. तिच्यात असे गृहीत धरलेले असते की मुलांच्या ठिकाणी काहीतरी उणे आहे. धीर नाही, विश्वास नाही, संस्कार नाहीत. पण मुलांचे गप्प राहणे हा पुष्कळदा विचारपूर्वक काढलेला निष्कर्ष असतो. ती आधी लहान गोष्टी सांगून बघतात. सहा गुणांची गोष्ट, नाकाचे चित्र, तुटलेली फुटपट्टी. त्या छोट्या अमानतीचे मोठा माणूस काय करतो, पाहुण्यांसमोर हसून सांगतो का, भांडणात काढतो का, लगेच तिसऱ्याकडे पोचवतो का, हे ती बघून ठेवतात. ही परीक्षा आपली चालू आहे याचा मोठ्यांना पत्ताही नसतो, आणि बरेचजण तिमाहीतच नापास झालेले असतात.

सांगण्याआधी आमच्यातली एक तिच्याकडे गेली आणि म्हणाली, आम्ही बाईंना सांगणार आहोत. तिने हो म्हटले नाही, नको म्हटले नाही. "तुम्हाला करायचं ते करा," म्हणाली आणि आत गेली. बाई वडिलांकडे गेल्या नाहीत. त्या परीक्षेच्या प्रवेशपत्राचे निमित्त करून घरी गेल्या आणि तिच्या नानीजवळ बसल्या. काय बोलणे झाले ते आम्हाला कळले नाही. ती परीक्षेला बसली. निकाह मेमध्ये झाला नाही. दीड वर्षाने झाला, अकरावी संपवून, बारावी अर्धवट सोडून. याला यश म्हणावे की नाही यावर आमच्यात एकमत नाही. जिने बाईंना सांगितले होते तिच्याशी ती परीक्षा संपेपर्यंत बोलली नाही. आता ती आमच्या भेटींना येते. त्या दिवसांचा विषय निघाला की चहा टाकायला उठते.

तर चुगली आणि हे, यांत फरक काय? गझालींनी मित्राबद्दल गप्प राहायला सांगितले, पण निंदेवरच्या प्रकरणात अपवादही दिले आहेत. ज्याच्यावर अन्याय झाला त्याने तो दूर करू शकणाऱ्यापाशी बोलावे, वाईट थांबवण्यासाठी मदत मागताना बोलावे. म्हणजे बोलणे कुणापाशी आहे याला वजन आहे. चुगलीखोर अशाला सांगतो जो फक्त शिक्षा देऊ शकतो किंवा फक्त ऐकून मजा घेऊ शकतो. सांगून झाल्यावर वर्गात त्याचा भाव वाढतो. आमच्या त्या मैत्रिणीने सांगितले आणि तिच्या पदरात अबोला पडला. एवढी एक खूण आम्हाला भरवशाची वाटते, पुरेशी नाही तरी.

कायद्याने यात अलीकडे काही भर घातली आहे. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यान्वये कुणाही व्यक्तीने कळवले तरी न्यायालय लग्नाला मनाई करू शकते. ती व्यक्ती वर्गमैत्रीण असायलाही हरकत नाही. १०९८ हा नंबर फुकट लागतो. २०१२ च्या पोक्सो कायद्याने, म्हणजे मुलांवरील लैंगिक अत्याचारांच्या कायद्याने, तर अशा अत्याचाराची माहिती असून पोलिसांना न कळवणे हाच गुन्हा ठरवला. त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पण त्याच कलमात एक छोटे पोटकलम आहे की अठराच्या आतल्या मुलाला ही शिक्षा लागू नाही. कायदा करणाऱ्यांना कुठेतरी ठाऊक होते की पंधरा वर्षांच्या मैत्रिणीच्या गळ्याभोवती कोणती शपथ असते. शिक्षा नाही म्हणजे जबाबदारी नाही असे मात्र आमच्यातले काहीजण मानत नाहीत, आणि त्यांचे म्हणणे झटकून टाकण्यासारखे नाही.

आजच्या मुलांपुढचा प्रश्न एका अंगाने वेगळा आहे. आमची गुपिते हवेत विरत. यांची लिहिलेली असतात आणि एका बोटाने शंभर जणांकडे जातात. फोडणाऱ्याला तोंडही उघडावे लागत नाही. पण मुलगी मैत्रिणीला काय विचारते, हे आम्ही आमच्याच घरांत ऐकले आहे. वाक्य तेच, फक्त टाकीऐवजी गच्ची.

आमच्यातली एक आता शेजारच्या तालुक्यात शिक्षिका आहे. तिच्या शाळेत तक्रारपेटी लावली, ती कार्यालयाच्या दारासमोर, शिपाई बसतो तिथे. वर्षभरात दोन चिठ्ठ्या निघाल्या, दोन्ही पंख्याबद्दल. तिने भांडून पेटी मुलींच्या स्वच्छतागृहाकडच्या बोळात हलवून घेतली आणि किल्ली स्वतःकडे ठेवली. मग चिठ्ठ्या येऊ लागल्या. गेल्या पावसाळ्यात एक निघाली, नाव नाही, वहीचे फाडलेले पान, एकच ओळ: "सांगितलं तर घरी कळेल का?"

तिने आम्हाला फोन केला. तिला या प्रश्नाला 'नाही' असे उत्तर देता येत नव्हते. गोष्ट कोणती आहे यावर ते अवलंबून, आणि ती पोक्सोतली निघाली तर पोलिसांना कळवणे तिला चुकणार नव्हते. टाकीमागे आम्ही जी शपथ सहज घेत होतो, ती आज शिक्षकाला घेताच येत नाही. दोन रात्री विचार करून ती आठवी ते दहावीच्या प्रत्येक वर्गात गेली आणि म्हणाली की पेटीत ज्या कुणी विचारले आहे तिला माझे उत्तर असे. काही गोष्टी मला पुढे सांगाव्याच लागतील. त्या कोणत्या, कुणाला आणि कधी, ते मी आधी तुला सांगेन, आणि तू एकटी असणार नाहीस. एवढेच मी कबूल करू शकते.

तीन आठवडे पेटीत पंख्याच्या आणि पाण्याच्याच चिठ्ठ्या निघाल्या. ती अजून रोज उघडते.